आडवी डहाळी

माणूस नुसता चालायला येतो, यावर माझा अजूनही विश्वास नाही.

हल्ली आमच्या डोंगरावर रविवारी पोरंपोरी येतात. नाशिकहून, गंगापूर रोडकडची. पाठीवर रंगीत पिशव्या असतात. वाटेवरच्या दगडांवर त्यांच्यापैकीच कोणीतरी पांढरे बाण काढून ठेवले आहेत. बाणाशेजारी उभं राहून मला विचारतात, "आजी, डोणीकडे हीच वाट ना?" मी हो म्हणते आणि ती निघतात. पुढच्या घरी कोणी विचारत नाही. तिथंच मला कळतं की यांना वाटेतलं काही कळत नाही. पगारे असता तर त्याने आणखी दोन घरी विचारलं असतं आणि तिघांवरही विश्वास ठेवला नसता.

पगारे पहिल्यांदा आला तेव्हा आणीबाणी नुकतीच संपली होती. सुरगाण्याकडून जीपचा आवाज आला की आमच्या पाड्यातले गडी अजून झाडीत पळायचे. नसबंदीची धास्ती गेली नव्हती. पगारे जीपने आला नाही, पायी आला, आणि ते आम्हाला जास्त संशयाचं वाटलं. सरकारी माणूस पायी येत नाही आणि बिनसरकारी माणूस आमच्याकडे येतच नाही.

उंच, वाळका, मान पुढे काढून चालणारा. पायात कारखान्यातले जाड बूट, आत लोखंडी टोपण असलेले. पोलिसाचेच बूट, असं माझी सासू म्हणाली आणि कोंबड्या आत घेऊन बसली. नवरा तेव्हा द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे गेला होता, म्हणून दारात मीच उभी राहिले.

तो अंगणाच्या बाहेरच थांबला. म्हणाला, "मी पगारे. नाशिकचा. अंबडला कारखान्यात फिटर आहे. बौद्ध आहे. पाणी मिळेल का?"

आधी आडनाव, मग जात, मग पाणी. असं पाणी मागणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी तांब्या भरून त्याच्या हातात दिला. यात माझं काही मोठेपण नाही. घरात तांब्या एकच होता आणि वरून ओतत बसायला मला वेळ नव्हता. त्याने तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पाणी प्यायला आणि वहीत काहीतरी लिहिलं. पुढे कळलं की तो प्रत्येक पाड्यावर असंच करायचा. कोणी तांब्या हातात दिला, कोणी ओंजळीत लांबून ओतलं, कोणी विहिरीकडे बोट दाखवलं, सगळं वहीत.

"कशाला आलात भाऊ?" मी विचारलं.

"चालायला."

"नाशकात रस्ते नाय का?"

"आहेत. तिथं माहीत असतं कुठं जातात ते."

एवढं ऐकून मी ठरवलं की हा धरणाचा माणूस आहे. तेव्हा खालच्या बाजूला धरण होणार अशी बोलवा होती. वहीवाला माणूस येतो, नावं लिहून घेतो आणि मग पाणी येतं, एवढं आम्हाला माहीत होतं. त्यात माझं दुखणं वेगळं होतं. खिंडीपलीकडे जंगलखात्याच्या जमिनीत आम्ही नागली आणि उडीद करत होतो. सासऱ्याने झाडोरा काढून तयार केलेला तुकडा. कागद काही नाही. तो गेला असता तर आम्हाला बारा महिने द्राक्षवाल्यांकडेच राहावं लागलं असतं. म्हणून ते शेत बाहेरच्या कोणाला दिसू द्यायचं नाही, हा माझा नेम. जंगलगार्ड आला की मी दोन कोंबड्या घेऊन पुढे जायची आणि त्याला खिंडीच्या अलीकडूनच वळवायची.

पगारे महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. सुट्टी जोडून दोन दिवस. हळूहळू त्याच्या सवयी पाठ झाल्या.

तो पावलं मोजायचा. उजव्या खिशात चिंचोके भरलेले असायचे. हजार पावलं झाली की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. मोजताना कोणी राम राम केला तर हात वर करायचा, तोंड उघडायचा नाही. बायका मुद्दाम वाटेत गाठून विचारायच्या, "काय भाऊ, बायको कशी हाय?" तो हात वर करून पुढे जायचा आणि आकडा संपला की तिथूनच ओरडून सांगायचा, "बरी आहे."

कुठलाही प्रश्न तो तिघांना विचारायचा. आमच्या शेजारी बुध्याबाबा राहायचे, पाड्यातले सगळ्यात म्हातारे. त्यांना त्याने विचारलं, "बाबा, खालचं गाव किती लांब?"

"एक विडी लागंल."

"कोणाची विडी? तुम्ही ओढता तेवढी, का तोंडात विझते तेवढी?"

"तू वढत असशील तेवढी."

"मी ओढत नाही."

"मग तुला लय लांब पडंल," बाबा म्हणाले. पगारेने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग माझ्या सासूला विचारलं, मग मला. तिघांची उत्तरं एकाखाली एक लिहिली आणि स्वतः चालून आल्यावर चौथं लिहिलं.

आणि स्वतःच्या वहीवरही त्याचा भरवसा नव्हता. परत जाताना सुरगाण्याच्या पोस्टात थांबायचा, लिहिलेल्या पानाखाली पोस्टाचं तिकीट चिकटवायचा आणि त्यावर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. पोस्टमास्तर वैतागायचा म्हणे. मी एकदा विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, "उद्या मीच म्हणालो की मी आधीच आलो होतो, तर?"

जाताना प्रत्येक घरी एक कोरं पोस्टकार्ड ठेवून जायचा, स्वतःचा पत्ता घातलेलं. दरड कोसळली, झरा आटला, वाट मोडली, तर कळवा म्हणून. लोकांनी त्या कार्डांवर तंबाखू मळली. मी माझं पत्र्याच्या डब्यात टाकलं. जपायचं म्हणून नाही. ज्याने दिलं त्याचा पत्ता आपल्याकडे असावा, उद्या काही झालं तर तक्रार कुठे करायची, म्हणून.

त्याच्या येण्याचं खरं कारण त्याने एकदाच सांगितलं. मी नागलीच्या भाकऱ्या थापत होते, तो ओट्याखाली बसला होता.

"माझी आजी सांगायची, तिचा बाप समुद्रावरून मीठ आणायचा. व्यापाऱ्याचं मीठ, याच्या डोक्यावर. खालून गुजरातच्या बाजूने डोंगर चढून नाशिकपर्यंत. वाटेत एका खिंडीत दोन आंब्यांच्या मध्ये दगडी डोण आहे, तिथं सगळे पाणी प्यायचे. बैलपण आणि माणसंपण. कोणी कोणाला विचारायचं नाही."

"मग ती वाट शोधताय?"

"नाही. आजी लय खोटं बोलायची. ते खोटं आहे का ते बघतोय. डोण सापडली तर तिथून खाली समुद्रापर्यंत जाईन. नाही सापडली तर आजी खोटी."

भाकरी तव्यावर करपली. कारण दोन आंबे आणि त्यांच्यामधली दगडी डोण माझ्या शेताच्या बांधावर होती.

"अशी डोण आमच्याकडं नाय," मी म्हणाले. त्याच संध्याकाळी मी घरोघर सांगून आले, पगारेने डोणीचं विचारलं तर नाही म्हणायचं. प्रत्येकाचं काहीतरी जंगलात होतंच. सगळे नाही म्हणाले. बुध्याबाबा तर म्हणाले, आमच्याकडं आंबेच नायत. तेव्हा ते आंब्याच्या झाडाखालीच बसले होते.

आता डहाळीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या डोंगरात वाटेला फाटा फुटला की पुढे जाणारा माणूस ज्या वाटेने जायचं नाही तिच्यावर पाल्याची ताजी डहाळी आडवी टाकतो. मागून येणारा डहाळी पाहतो आणि दुसऱ्या वाटेने जातो. धुकं असो, अंधारून येवो, विचारायला कोणी नसो. यात एकच नियम आहे. दुसऱ्याने टाकलेली डहाळी हलवायची नाही. भांडण असलं, एकमेकांच्या घरचं पाणी बंद असलं, तरी नाही. चालायला लागलेल्या लेकरालाही हे माहीत असतं.

बुध्याबाबांनी हे पगारेला शिकवलं, आणि या एका गोष्टीवर त्या माणसाने पूर्ण विश्वास ठेवला. मला म्हणाला, "तोंडाने कोणीही खोटं बोलेल ताई. झाड तोडून, वाकून, वाटेवर ठेवून कोण खोटं बोलेल?"

पुढच्या खेपेला तो थंडीत आला. पाड्यावर रात्र काढून सकाळीच खिंडीकडे निघाला. बुध्याबाबा आणि इतर माणसं त्याच्या आधी लाकडाला गेली होती. खिंडीच्या अलीकडे फाटा आहे. उजवी वाट खिंडीतून डोणीकडे, माझ्या शेताकडे आणि तिथून खाली गुजरातच्या अंगाला. डावी घळीत उतरते आणि कड्यावर संपते. बाबांनी रोजच्यासारखी डावीवर डहाळी टाकली होती.

मी आडवाटेने धावत पुढे गेले. डावीवरची डहाळी उचलली आणि उजवीवर टाकली. मग करवंदीच्या जाळीमागे बसले.

पगारे आला. ओठ हलत होते, पावलं मोजत होता. डहाळीपाशी थांबला. एकदाही मागेपुढे पाहिलं नाही. डावीकडे वळून घळीत उतरला. मला वाटलं होतं, थोडा जाईल, कडा बघेल, परत फिरेल. मी डहाळी पुन्हा जागेवर टाकली आणि घरी येऊन भात सडायला बसले.

दुपार कलल्यावर तो परत आला. एका पायावर जोर देत, काठी टेकत. गुडघ्याजवळ पँट फाटलेली, रक्त वाळलेलं. अंगणाबाहेर थांबला नाही, सरळ ओट्यापर्यंत आला. आडनाव सांगितलं नाही. माझ्या पायांकडे पाहिलं. माझ्या उजव्या पायाला करंगळी नाही, लहानपणी विळ्याने गेली. मग म्हणाला, "पाणी द्या."

मी तांब्या दिला. त्याने तो हातात घेतला नाही.

"आधी तुम्ही प्या," तो म्हणाला.

मी प्यायले. मग तो प्यायला. सासू आतून सगळं पाहत होती. पगारेने ओट्यावर बसून बराच वेळ वहीत लिहिलं, चिंचोके एका खिशात केले आणि काठी टेकत खाली सुरगाण्याकडे गेला. नेहमीसारखं कार्ड ठेवलं नाही.

त्यानंतर तो आला नाही. मला बरंच वाटलं. शेत दिसलं नाही, माणूस टळला.

पाच-सहा वर्षं गेली. मग सरकारने ठरवलं की अमुक सालाच्या आधीपासून जे जंगलजमीन कसतात त्यांच्या नावावर ती करायची. पुरावा आणा म्हणाले. आता गंमत बघा. पुरावा कुठला, तर जंगलखात्याने दंड केल्याची पावती. बुध्याबाबांना गार्डने तीनदा धरलं होतं, त्यांच्याकडे तीन पावत्या. ज्यांना कधी शेत लपवता आलं नाही त्या सगळ्यांकडे पावत्या. मी एवढी हुशार की माझ्याकडे एकही नाही. मी कधी त्या जमिनीत होते असं कुठल्याही कागदावर नव्हतं.

नवरा म्हणाला, "तूच लपवलंस, तूच काढ आता."

मी पत्र्याचा डबा उघडला. कार्ड पिवळं पडलं होतं. चौथीपर्यंतच्या अक्षरात लिहिलं: पगारे भाऊ, तुमच्या वहीत आमचं शेत आहे का? असेल तर सुरगाण्याच्या कचेरीत या. खाली वार लिहिला. बाकी काही लिहिलं नाही. तो येईल असं मला वाटत नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर गेले नसते.

तो आला. कचेरीच्या वऱ्हांड्यात पाड्यातली सगळी माणसं उकिडवी बसली होती. पगारे लंगडत आला. केस पांढरे झाले होते, बूट तसलेच. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, शेत आहे वहीत. पण ते पान वाचलं तर सगळं वाचायचं. अर्धं मी देत नाही."

"सगळं म्हंजे काय?"

"तुम्हाला माहितीये."

मला माहीत होतं. वऱ्हांड्यात बुध्याबाबा होते, ज्यांची ती डहाळी होती. त्यांच्या मागे अख्खा पाडा. मी म्हणाले, "वाचा."

साहेब तरुण होता, वऱ्हांड्यातच टेबल टाकून बसला होता. त्याने वही घेतली, शिक्का उलटसुलट पाहिला आणि मोठ्याने वाचायला लागला. त्याला काय, एक कागद होता. मला ते पान आजही पाठ आहे.

"फाट्यावर डहाळी उजवीकडे. डावीने उतरलो. वाट नाही. घळीत पडलो, गुडघा गेला. आल्या बाजूने वर यायला जमेना म्हणून डोंगराच्या समोरच्या सोंडेवर चढलो. तिथून खिंडीपलीकडे शेत दिसलं. नागलीची धसकटं, कडेला उडीद. बांधावर दोन आंबे. मध्ये डोण. आजी खरं बोलली. परत फाट्यावर आलो तर डहाळी डावीकडे. धुळीत पावलाचा ताजा ठसा, उजव्या पायाला करंगळी नाही. पाणी देणारी बाई. पाणी हातात दिलं होतं. वाट खोटी दिली. शेत तिचंच असणार."

साहेबाने वर पाहिलं. "यात नाव नाही. पाणी देणारी बाई म्हणजे तूच, कशावरून?"

मी चप्पल काढली आणि उजवा पाय पुढे केला. टेबलाच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असा. आता सगळ्या पाड्याला ठाऊकच होता तो पाय. तरी सगळे पाहत होते.

"डहाळी तू हलवलीस?"

"हो."

"का?"

"शेत दिसू नये म्हणून."

"आणि आता दाखवायला आलीस," साहेब म्हणाला आणि हसला. बाकी कोणी हसलं नाही. मग तो पगारेला म्हणाला, "तुम्ही हिच्या बाजूने आलात का विरुद्ध?"

"मी वहीच्या बाजूने आलोय," पगारे म्हणाला.

साहेबाने आणखी बरंच विचारलं, पुढे पाहणी झाली, पंचनामा झाला. पण मुख्य काम त्या पानाने केलं. साहेब म्हणालाच, साक्षीदार जिच्याबद्दल एवढं वाईट लिहितो तिच्या फायद्यासाठी खोटं कशाला लिहील. शेत आमच्या नावावर झालं. आज माझा नातू तिथं करतो.

कचेरीतून निघताना बुध्याबाबा माझ्याजवळून गेले. हातातली विडी त्यांनी पेटवली नव्हती. म्हणाले, "जमना, माझी व्हती ती." एवढंच. ते पुढे दोन वर्षं जगले, माझ्याशी बोलले नाहीत. बायका बोलल्या, पण कशा? फाट्यावर डहाळी दिसली की मुद्दाम थांबून मोठ्याने विचारायच्या, "काय गं, ही माणसाची हाय का जमनाची?" मी डोक्यावरचा भारा सावरून पुढे चालायची.

पगारे त्यानंतर एकदाच आला. कारखान्यातून सुटला होता की त्याला काढलं होतं, ते त्याने सांगितलं नाही. अंगणाबाहेर थांबला आणि पहिल्यापासून सुरुवात केली, "मी पगारे. नाशिकचा." मी तांब्या आणला. त्याच्या देखत आधी मी दोन घोट प्यायले, मग त्याच्या हातात दिला. त्याने तो रिकामा करून परत दिला. या वेळी खाली समुद्रापर्यंत जायचं म्हणाला. डोणीपासून पुढची वाट राहिली होती.

तो समुद्राला पोचला का, मला माहीत नाही. सुरगाण्याच्या बाजारात सुकट विकायला खालून बाया येतात. त्यांच्यातली एक म्हणाली, लंगडा माणूस आला होता, खिशातून चिंचोके काढून वाळूत मांडत बसला होता. पण त्या बाया सुकटीचं वजनही खरं सांगत नाहीत. मी पाहिलं नाही, म्हणून मी धरत नाही.

मी पाहिलं ते एवढंच. तो समुद्राकडे निघाला त्या सकाळी मला शेतावर जायचं होतं, म्हणून मी त्याच्या पुढे निघाले. तो मागे पावलं मोजत येत होता. फाट्यावर मी ऐनाची डहाळी तोडली आणि डाव्या वाटेवर आडवी टाकली. मग उजवीच्या तोंडाशी, बाजूला दगडावर जाऊन बसले.

पगारे आला. थांबला. वाकायला त्याला त्रास होत होता, तरी वाकला. डहाळी उचलली, तोडलेलं टोक बोटाने चाचपून पाहिलं, पानं उलटी करून पाहिली. धुळीतले ठसे पाहिले, माझ्या पायाकडे पाहिलं. मग डहाळी होती तशी, त्याच जागी, नीट ठेवली आणि माझ्यासमोरून उजव्या वाटेने खिंडीकडे गेला.

तीसेक पावलांवर तो वळला. मी डहाळी हलवते का ते बघायला. मी बसल्या जागेवरून दोन्ही हात वर केले, रिकामे, आणि तसेच धरून ठेवले. त्याने थोडा वेळ पाहिलं. मग खिशातला एक चिंचोका दुसऱ्या खिशात टाकला आणि खिंडीत उतरला.